देवाचा कान

"डोळे मिट," मावशी म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या पापण्या अशा फडफडत नाहीत."

आमच्या प्रजासत्ताकाच्या राष्ट्राध्यक्षांनी डोळे मिटले. खरं तर ते आदल्या आठवड्यापर्यंतच राष्ट्राध्यक्ष होते. त्या सकाळी ते सान हेरोनिमोच्या चर्चमागच्या वस्त्रांच्या खोलीत एका फळीवर उघडेवाघडे पडले होते, आणि रेमेदिओस मावशी चरबीत खललेला पांढरा रंग त्यांच्या गालांवर बोटाने चोपडत होती. मी त्यांच्या तळहातांवर खिळ्यांच्या जखमा रंगवत होते.

मी तेव्हा बाविशी ओलांडलेली होते. आता सुई ओवायला मला दुसऱ्याचे डोळे लागतात, पण त्या रंगाचा वास अजून नाकात आहे.

आमच्या घराण्यातल्या बायकांकडे पिढ्यान् पिढ्या एकच मान होता, मृत येशूच्या लाकडी मूर्तीला वस्त्रं चढवण्याचा. उत्तम शुक्रवारी आम्ही दाराला आतून कडी घालायचो, मूर्तीला पुसून, तेल लावून काचेच्या शवपेटीत निजवायचो आणि चेहऱ्यावर पातळ रेशमी जाळी टाकायचो. देवाला उघडं फक्त आम्हीच पाहायचं. खुद्द बिशप आला तरी त्याला दाराबाहेर थांबावं लागे. मग जांभळे झगे घातलेले पुरुष ती पेटी खांद्यावर घेऊन गावभर फिरवत आणि संध्याकाळी वेशीबाहेरच्या टेकडीवर, नदीकाठच्या छोट्या प्रार्थनाघरात नेऊन ठेवत. तिथेही पहिली आत जायची ती आम्हीच, दार लावून, देवाचा काटेरी मुकुट उतरवायला.

त्या पेटीला डाव्या अंगाला, डोक्यापाशी, तळहाताएवढी चांदीची जाळी होती. तिला गावात 'देवाचा कान' म्हणत. मिरवणूक जिथे जिथे विसावा घेई, तिथे लोक एकेक करून पुढे येत, जाळीला तोंड लावत आणि जे पाद्रीलाही सांगता येत नाही ते त्या कानात सांगत. ते दुसऱ्या कुणाच्या कानी पडू नये म्हणून वस्त्र चढवणाऱ्यांपैकी एकीने जाळीशेजारी उभं राहून मात्राका फिरवायची. त्या दिवसांत चर्चच्या घंटा मुक्या असतात. त्यांच्या जागी ही लाकडी चकती दांड्याभोवती कडकडत फिरते. त्या वर्षी मात्राका माझ्या हातात होती.

आणि ते वर्ष साधं नव्हतं. दहा वर्षांनी मिरवणूक निघत होती. ती बंद करणारा माणूस आत्ता आमच्या फळीवर पडला होता.

डॉन लिसांद्रो पेन्यालोसा आमच्याच गावचे. खेचरं हाकणाऱ्याचा मुलगा. बाप दरीत पडून गेला, तेव्हा गावच्या पाद्रे सिल्व्हेरिओंनी त्याला चर्चमध्ये मेणबत्त्या लावायला ठेवलं, अक्षरं शिकवली, लॅटिन शिकवलं आणि स्वतःचं खेचर विकून राजधानीला धाडलं. पुढचं सगळ्या देशाला ठाऊक आहे. वकील झाले, मग आमदार, मग लढाईत तोफखान्याच्या पुढे घोडा घातला आणि जिंकून परतले ते थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर. रस्ते बांधले, तारा ओढल्या, मुलींसाठी शाळा काढल्या. मी लिहायला शिकले ते त्यांच्याच शाळेत, हे मी नाकारत नाही. पण मठांना कुलपं ठोकली, मिरवणुका बंद केल्या, आणि एका हुकमासरशी देशातल्या सगळ्या पाद्रींना बंदराकडे चालवत नेलं. जहाजात घालून हाकलायला.

पाद्रे सिल्व्हेरिओही त्या तांड्यात होते. ते बंदराला पोचलेच नाहीत. वाटेत कुठेतरी पडले, कुठेतरी पुरले, एवढंच कळलं.

पाद्रे सिल्व्हेरिओ माझ्या मावशीचे सख्खे भाऊ, म्हणजे माझे मामा.

म्हणून त्या पहाटे हा माणूस फाटक्या सदऱ्याने मागच्या भिंतीवरून उतरून आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, मावशी आता ओरडणार आणि शिपाई धावत येणार. गावाला वेढा होता. नव्या सरकारचे लोक घरोघर पेट्या उघडून पाहत होते. सापडला तर चौकात उभा करून गोळ्या, हे दवंडी पिटून सांगितलं होतं.

मावशी ओरडली नाही. तिने त्याला बसायला स्टूलही दिलं नाही.

"चर्चचं दार तूच बंद केलंस ना? मग भिंतीवरून यावं लागणारच," ती म्हणाली.

ते मान वाकडी करून तिच्याकडे पाहत राहिले. ही त्यांची सवय साऱ्या देशाला माहीत होती. कुणी बोलायला लागलं की ते तोंड एका बाजूला वळवत. लोक म्हणायचे, गादीवर बसल्यापासून मान ताठली आहे, गरिबाकडे सरळ बघवत नाही. त्यांच्या सगळ्या तसबिरीही एकाच बाजूने काढलेल्या.

"डोन्या रेमेदिओस," ते म्हणाले, "नदीवर होडी ठेवलेली आहे. प्रार्थनाघराच्या खाली, वेतांच्या बनात. तिथवर पोचलो की झालं."

"माझा भाऊ कुठे आहे?"

"मला ठाऊक नाही."

"तुझी सही होती."

"सही माझी होती. कोण कुठे पडलं ते मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी विचारलंही नाही." मग ते म्हणाले, "विचारलं असतं तर एकट्याला सोडवावं लागलं असतं. मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?"

दहा वर्षं मावशी जिवंत होती ती भाऊ कुठे, या एकाच प्रश्नावर. भावाचं हाड न् हाड गोळा करून आईच्या शेजारी ठेवायचं, एवढंच तिला या जगाकडून हवं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खेचरवाल्याला तिने विचारलं होतं.

मग तिने लाकडी देवाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि मला म्हणाली, "फेलिसा, कडी घाल."

तिने त्यांना जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "त्या तांड्याबरोबर गेलेले शिपाई याच भागातले होते. ज्याला माहीत आहे तो दहा वर्षं ते उरात घेऊन फिरतोय. आज देवाचा कान पुन्हा उघडतोय. तो येईल आणि सांगेल. तू देवाच्या जागी निजशील. लोक काय काय बोलतील ते सगळं ऐकावं लागेल तुला, पण मला फक्त ती एक जागा सांगायची. बाकीचं नदीपलीकडे घेऊन जा आणि तिथेच मर."

मी म्हटलं, "मावशी, हे पाप आहे." त्या कानाची राखण करणाऱ्या बाईनेच त्यात चोर बसवायचा, याहून मोठं पाप मला सुचत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या नावावर लाव."

डॉन लिसांद्रोंनी मान वळवून तिला पुन्हा एकदा सगळं सांगायला लावलं. ऐकून झाल्यावर त्यांचा चेहरा विचित्र झाला. काहीतरी सांगावं की नाही असं त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं. मला वाटलं, त्यांना भीती वाटतेय. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

दाढी त्यांची स्वतःचीच होती, ती कामाला आली. मुकुट चढवला, चेहऱ्यावर जाळी टाकली, उशी झटकून डोक्याखाली सारली. मी काचेतून पाहिलं. अगदी रोजचा देव. शेजारी कपड्यांच्या पेटाऱ्यावर खरा देव चादरीखाली होता, आणि चादरीबाहेर आलेले त्याचे पाय मला जिवंत माणसाचे वाटले.

पेटी उचलताना पुढच्या खांद्यावरचा लोहार कण्हला. "देवाचं वजन वाढलंय."

"दहा वर्षं बसून होता," मागून कुणीतरी म्हणालं. "तुझंही वाढलंय."

तेवढंच हसू त्या दिवशी ऐकलं.

रस्त्यांवर लोकांनी रंगीत भुशाचे गालिचे घातले होते. उन्हात भुसा, ताडाची फुलं आणि धूप यांचा वास एकत्र झाला होता. पहिल्या विसाव्यालाच रांग लागली. मी मात्राका फिरवायला लागले. माणसं येत, वाकत, जाळीला ओठ लावत. मला शब्द ऐकू येत नव्हते, चेहरे मात्र दिसत होते. खाटकाची बायको, जिचे दोन्ही मुलगे सक्तीच्या भरतीत नेले होते, इतका वेळ बोलत राहिली की मागच्यांनी तिला हाताला धरून उठवलं. एक म्हातारा नुसता रडला आणि गेला. शाळामास्तरही आला, पेन्यालोसांचा जुना भक्त. त्याचे ओठ हलताना त्याचे कान लाल होत होते. दहा वर्षांचं साचलेलं सगळं त्या तळहाताएवढ्या जाळीतून आत जात होतं, आणि आत तो पडला होता.

तिसऱ्या विसाव्याला कुणीतरी बोट दाखवलं. काच आतून धुरकट झाली होती.

माझ्या हातातली मात्राका थांबली. पण समोरची बाई गुडघ्यावर आली. मग तिच्या मागची. मग सगळा चौक. "देवाला घाम आला," कुजबुज पसरत गेली. "आपलं ऐकून देवाला घाम आला." मावशी माझ्याजवळ सरकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "फिरव. थांबू नकोस."

वेशीच्या कमानीत कप्तान इलारिओ तोबार उभा होता. दहा वर्षांपूर्वी पाद्रींच्या तांड्याबरोबर गेलेल्या तुकडीवर हाच अधिकारी होता. सरकार बदललं तशी त्याने फक्त टोपीवरची फीत बदलली होती. आता तो पेन्यालोसांना शोधत होता. त्याने मिरवणूक थांबवली. खांदेकऱ्यांच्या टोप्या मागे सारून एकेकाचा चेहरा पाहिला. मावशीच्या टोपलीतली कापडं चिवडली. मग पेटीपाशी आला आणि काचेतून पाहत राहिला.

मला खात्री होती, आता संपलं. आत काचेवर वाफ येत होती, जात होती.

कप्तानाने टोपी काढली. शिपायांना पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं, गुडघे टेकले आणि जाळीला तोंड लावलं. तो फार वेळ तिथे होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "जाऊ द्या," एवढंच म्हणाला.

मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. तिला हवा होता तो माणूस बोलला होता.

वेशीबाहेर चढ आहे. चढावर पेटी थांबवत नाहीत. लोकही मागे राहतात, म्हाताऱ्या माणसांना तो चढवत नाही. मी मात्राका खाली केली. दिवसभर कडकडाट ऐकून कान बधिर झाले होते, आणि त्या शांततेत मला पेटीतून आवाज आला. हळू, एकसारखा, मध्ये थोडा खोकला, पुन्हा तसाच. मला वाटलं, या माणसाला राहवत नाही, प्रार्थना करतोय. मी पेटीच्या लाकडावर बोटाने टकटक केलं. आवाज थांबला नाही. वरपर्यंत चालू होता.

प्रार्थनाघरात शिरून आम्ही दार लावलं. मावशीने झाकण उघडायच्या आतच विचारलं, "बोलला?"

डॉन लिसांद्रो उठून बसले. रंग घामाने ओघळून मानेवर आला होता. त्यांनी मावशीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मान न वळवता, सरळ.

"सालिनासचा उतार," ते म्हणाले. "मिठाचं जुनं कोठार आहे, त्याच्या मागे सावरीचं मोठं झाड. खोडाला लोखंडी कडी ठोकलीय, खेचरं बांधायची. कडीच्या बरोबर खाली. डाव्या कुशीवर टाकलंय. डावा खांदा दुखतो, वळवा, असं म्हणाला."

मावशी खाली बसली. तिच्या भावाचा डावा खांदा तरुणपणी खेचरावरून पडून निखळला होता, तो आयुष्यभर दुखत राहिला. त्या कुशीवर ते कधी झोपत नसत. "कप्तानाला ते म्हणाले असतील," ती स्वतःशी म्हणत राहिली. "मरताना म्हणाले असतील, आणि तो मेला विसरू शकला नाही." ती रडत नव्हती. जमिनीवर हात फिरवत होती, जणू तिथेच कुणी निजलंय.

तिने त्यांच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. मला म्हणाली, "घेऊन जा याला."

मागच्या दाराने मी त्यांना खाली वेतांच्या बनात नेलं. होडी होती, नावाडीही होता. उजेड अजून होता. पाणी जस्तासारखं दिसत होतं. एक पाय होडीत ठेवून ते थांबले.

"फेलिसा, तुझ्या मावशीला मी सकाळी फसवलं," ते म्हणाले. "मला दुसरा मार्ग नव्हता."

"जागा खोटी सांगितलीत?"

"जागा खरी असेल. तेच तर." त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "लढाईत माझ्या शेजारी तोफ फुटली. तेव्हापासून हा कान मेलेला आहे. सैन्याला कळू दिलं नाही, मग कुणालाच कळू दिलं नाही. ती जाळी डावीकडे आहे. सकाळी हे बोललो असतो तर तिने मला कशाला झोपवलं असतं?"

मला काही समजेना. म्हटलं, "मग कप्तान काय बोलला ते..."

"कप्तान बोलला की नाही मला ठाऊक नाही. दिवसभर कुणाचाच शब्द मला ऐकू आला नाही. गालावर नुसते श्वास येत होते. गरम. एकामागून एक." ते माझ्याकडे पाहत होते, पण मला पाहत नव्हते. "तो आवाज उजवीकडून आला. आतून, उशीवरून."

"तुम्ही प्रार्थना करत होता. चढावर मी ऐकलं."

"मी तोंड उघडलं नाही, पोरी."

नावाड्याने वल्हं पाण्यात घातलं. डॉन लिसांद्रो होडीत बसले आणि मग, मला सांगावं की नदीला अशा आवाजात म्हणाले, "मला 'लिचो' म्हणाला. लहानपणी पाद्रे मेणबत्त्या नीट लाव म्हणून ओरडायचे ना, तसं."

ते पलीकडे पोचले. पुढे दुसऱ्या देशात, समुद्राकाठच्या एका गावात, पोरांना अंकगणित शिकवत म्हातारे झाले आणि तिथेच गेले. सरकारं पुन्हा दोनदा बदलली. आता राजधानीत त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. मान एका बाजूला वळवलेली. मुलांना शिकवतात की ते भविष्याकडे पाहत आहेत.

ईस्टर उलटल्यावर आम्ही सालिनासला गेलो. कोठार होतं, झाड होतं, कडी गंजून खोडात रुतली होती. पाद्रे सिल्व्हेरिओ डाव्या कुशीवर होते. मावशीने एकटीने, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता, त्यांना उचलून घरी आणलं आणि आईशेजारी उजव्या कुशीवर निजवलं. त्यानंतर ती नीट जेवायला लागली. रात्री झोपायला लागली. दर उत्तम शुक्रवारी ती कप्तान तोबारला मधात बुडवलेल्या पावाची थाळी पाठवायची, त्याने खरं सांगितलं म्हणून. तो बिचारा दरवर्षी ती थाळी घ्यायचा, आणि कशाबद्दल ते विचारायचं धाडस त्याला मरेपर्यंत झालं नाही. मी मावशीला काही बोलले नाही. तिचा भाऊ तिला मिळाला होता.

कधी कधी मी स्वतःला समजावते की डॉन लिसांद्रोंना ती जागा आधीपासून ठाऊक होती, आणि सांगायची लाज वाटून त्यांनी ही गोष्ट रचली. मोठी माणसं असं करतात. जवळजवळ पटतंही.

पण त्या संध्याकाळी होडी गेल्यावर मी प्रार्थनाघरात परत आले. मावशी अजून जमिनीवर होती. दुसऱ्या दिवशी पेटी गावात परत न्यायची होती, म्हणून मी आतली वस्त्रं आवरायला घेतली. उशी उचलायला वाकले आणि तशीच थांबले. मधोमध एक खळगा होता, रंगाने आणि घामाने ओला. त्याच्या उजवीकडे, काचेला लागून, दुसरा होता. कोरडा, तेवढाच खोल.

मावशीनंतर देवाला वस्त्रं चढवायचा मान माझ्याकडे आला. आता माझ्या भाचीच्या मुलीला शिकवतेय. तिला सगळं दाखवलं, मुकुट कसा बसवायचा, जाळी कुठून टाचायची. परवा ती म्हणाली, "आजी, देव मधोमध नाही. डावीकडे सरकलाय."

मी म्हटलं, "असू दे. तेवढी जागा सोडायची असते."